झटक्याच्या गोळ्या: डोस पायरीपायरीने चढवताना घरी काय सांभाळायचं

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं लॅमोट्रिजिन २५ मिग्रॅ. पुढे बाण, मग ५०, पुन्हा बाण, मग १००. डॉक्टर दोन मिनिटांत समजावून सांगतात, एस.टी.ने गावी पोचेपर्यंत त्यातलं अर्धं विसरायला होतं, आणि चौथ्या दिवशी घरात कोणीतरी म्हणतं, "झटका तर पुन्हा आला, ही गोळी काही कामाची नाही."

ज्या घरात मिरगीच्या, म्हणजे आकडीच्या, फिटच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या आहेत, त्या घरात गोळ्या सांभाळणाऱ्या माणसासाठी हे लिहिलं आहे. कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. खाली दिलेले आकडे आपली चिठ्ठी समजावी म्हणून आहेत, चिठ्ठी बदलण्यासाठी नाहीत. पण ठरलेली पायरी ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मापात चढणं हे काम घरातच होतं आणि बहुतेक वेळा उपचार बिघडतो तोही इथेच.

हळू का?

पहिलं कारण सुस्तीचं. पूर्ण डोस पहिल्याच दिवशी पोटात गेला तर माणूस दिवसभर गुंगीत राहतो, चक्कर येते, मळमळतं, आणि तिसऱ्या दिवशी तो गोळी फेकून देतो. थोडी थोडी वाढवली तर मेंदूला तिची सवय होते.

दुसरं कारण कातडीचं. लॅमोट्रिजिन घाईने चढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठायचा धोका वाढतो, आणि हे पुरळ जिवावर बेतू शकतं. म्हणून या गोळीची पायरी सगळ्यांत संथ.

तिसरं कारण यकृताचं, आणि ते फार थोड्या लोकांना सांगितलं जातं. कार्बामाझेपीन सुरू केल्यावर पुढच्या तीन ते पाच आठवड्यांत यकृत हे औषध जास्त वेगाने मोडायला शिकतं. डोस तोच असतो, रक्तातलं औषध मात्र कमी होत जातं. दुसऱ्या आठवड्यात थांबलेले झटके चौथ्या आठवड्यात परत दिसले तर गोळी खोटी आहे असं नसतं. पुढची पायरी ठेवलेली असते ती यासाठीच.

"शेजारच्या पोराला दवाखान्यात एका दिवसात सलाइनमधून पूर्ण डोस दिला, मग आम्हालाच दोन महिने का?" हा प्रश्न बरोबर आहे. झटका थांबतच नसेल तेव्हा फेनिटोइन, व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासिटामचा मोठा डोस शिरेतून देतात, पण तेव्हा रुग्ण नजरेखाली असतो. लॅमोट्रिजिनला तसली वाटच नाही.

पहिली गोळी देण्याआधी

वजन करून घ्या. उपकेंद्रात काटा असतो, आशाताईंना सांगितलं तरी चालेल. लहान मुलाचा डोस किलोवर ठरतो. मागच्या वर्षीचं वजन अंदाजाने सांगितलं तर डोस पहिल्या दिवसापासूनच चुकतो.

चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांसमोर ठेवा. क्षयरोगाची औषधं चालू असतील तर आवर्जून सांगा. त्यातलं आयसोनियाझिड फेनिटोइन आणि कार्बामाझेपीन रक्तात वाढवतं, रिफाम्पिसिन कमी करतं. गर्भनिरोधक गोळ्या, किडनी-लिव्हरचा जुना त्रास, पूर्वी कोणत्याही औषधाने अंगावर उठलेलं पुरळ, हे सगळं सांगायचं. झाडपाल्याची किंवा घटक न छापलेली पूड चालू असेल तर लाजू नका, पुडीच घेऊन जा. अशा काही पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन सापडलेलं आहे, आणि तसली पूड एकाएकी बंद केली तरी झटके उसळतात.

पट्टी हातात आल्यावर तीन गोष्टी वाचा: औषधाचं नाव, मिग्रॅचा आकडा, आणि नावापुढे 'सीआर', 'एसआर', 'क्रोनो' असं काही आहे का. ती सावकाश सुटणारी गोळी असते. ती कुटायची नाही, चावायची नाही. एरवी साधी गोळी मिळते आणि या वेळी दुकानदाराने 'सीआर' दिली, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय सुरू करू नका.

मग एक वही किंवा भिंतीवरचं कॅलेंडर. पायरी बदलायची तारीख आजच लिहून टाका. 'दोन आठवड्यांनी' असं तोंडी लक्षात ठेवलेलं कापूस वेचणीच्या घाईत कोणाच्याही लक्षात राहत नाही.

लॅमोट्रिजिन, गोळ्या मोजून

मोठ्या माणसाला ही एकटीच गोळी असेल तर नेहमीची चढण अशी असते:

पहिले १४ दिवस: २५ मिग्रॅ, दिवसातून एकदा.
पुढचे १४ दिवस: ५० मिग्रॅ, दिवसातून एकदा.
त्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी ५० ते १०० मिग्रॅ वाढ. बहुतेकांना दिवसाला १०० ते २०० मिग्रॅवर थांबता येतं.

पहिल्या चार आठवड्यांना २५च्या गोळ्या १४ अधिक २८, म्हणजे ४२ लागतात. दहाच्या पट्ट्या असतील तर पाच घ्या. चारच घेतल्या तर शेवटच्या दिवशी गोळी उरत नाही, आणि नेमका तो दिवस तालुक्याच्या दुकानाचा सुटीचा असतो.

सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सगळा हिशेब निम्म्यावर येतो, कारण व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीरात अडवून धरतं. मग पहिले १४ दिवस २५ मिग्रॅ एक दिवसाआड, पुढचे १४ दिवस रोज २५. म्हणजे ७ अधिक १४, एकूण २१ गोळ्या. एक दिवसाआडच्या गोळीला विषम तारखा धरू नका. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, आणि लागोपाठ दोन दिवस गोळी जाते. कॅलेंडरवर सातही तारखांना आजच गोल करून ठेवा.

सोबत फेनिटोइन, कार्बामाझेपीन किंवा फेनोबार्बिटोन असेल आणि व्हॅल्प्रोएट नसेल, तर उलट होतं. ही औषधं लॅमोट्रिजिन लवकर संपवतात, म्हणून सुरुवातच ५० मिग्रॅने होते आणि चढणही मोठी असते. एकाच गावात दोन रुग्णांचं वेळापत्रक इतकं वेगळं दिसतं ते यामुळे. दुसऱ्याची चिठ्ठी बघून आपला डोस कधीच ठरवायचा नाही.

लॅमोट्रिजिन सलग पाच दिवसांच्या वर चुकलं तर जिथे सोडलं तिथून धरायचं नाही. पुन्हा आपल्या पहिल्या पायरीपासून चढावं लागतं, नाहीतर पुरळाचा तोच धोका परत येतो. सोबतच्या औषधांप्रमाणे हे दिवस कमीही भरतात, म्हणून दोन-तीन दिवसांचा खंड पडला तरी आधी फोन, मग गोळी.

फेनिटोइनचा सापळा

फेनिटोइन स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं, आणि झटक्यांवर चांगलं चालतं. मोठ्या माणसाला सहसा दिवसाला २०० ते ३०० मिग्रॅ लागतं. पण याचं गणित सरळ नाही. एका मर्यादेपर्यंत यकृत ते मोडत राहतं, त्यानंतर त्याची ताकद संपते, आणि थोडीशी वाढसुद्धा रक्तात मोठी उडी घेते. ३०० वर झटका आला म्हणून घरच्याच मनाने १०० ची आणखी एक गोळी दिली, की आठ-पंधरा दिवसांत माणूस झिंगल्यासारखा चालायला लागतो, जीभ जड होते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोळ्यांची बुबुळं थरथरतात. गावाला वाटतं याने पिणं सुरू केलं. घरात भांडणं होतात, आणि खरं कारण पट्टीत असतं. म्हणून वरच्या टप्प्यात डॉक्टर एका वेळी २५ ते ५० मिग्रॅच वाढवतात आणि जमेल तिथे रक्तातली पातळी तपासतात. १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही नेहमीची हद्द. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं.

लहान मुलांच्या पातळ औषधात आणखी एक खोच आहे. फेनिटोइन तळाशी बसतं. बाटली हलवली नाही तर सुरुवातीचे डोस पाणचट जातात आणि मूल झटके देत राहतं. बाटली संपत आली की तळातला गाळ पोटात जातो आणि तेच मूल डोलायला लागतं. दर वेळी बाटली नीट हलवा, मगच भरा. शिवाय हे औषध ५ मिलीत ३० मिग्रॅ आणि ५ मिलीत १२५ मिग्रॅ अशा दोन ताकदींत मिळतं. चौपटीचा फरक आहे. बाटली बदलली की लेबल वाचल्याशिवाय पहिला डोस देऊ नका.

बाकीच्या गोळ्या

कार्बामाझेपीन मोठ्या माणसाला दिवसाला १०० ते २०० मिग्रॅने सुरू होतं आणि आठवड्याला फार तर २००ने चढतं. रोजचं पोटात जाणारं औषध दोन वेळांत विभागलेलं असतं. काही प्रकारच्या मिरगीत, म्हणजे मूल क्षणभर शून्यात बघत राहतं किंवा सकाळी हात दचकून वस्तू उडतात अशा प्रकारांत, या गोळीने झटके वाढू शकतात. सुरू केल्यावर तसं दिसलं तर पुढच्या पायरीची वाट न बघता कळवा.

व्हॅल्प्रोएट सहसा दिवसाला ४०० ते ६०० मिग्रॅने सुरू होतं. मुलांसाठीच्या पातळ औषधात बहुधा ५ मिलीत २०० मिग्रॅ असतं, म्हणजे १ मिलीत ४०. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिग्रॅ लिहिलं असेल तर दिवसाचे १८० मिग्रॅ, एका वेळचे ९०, म्हणजे सव्वादोन मिली. हे माप चहाच्या चमच्याने निघत नाही. घरातले दोन चमचे एकमेकांच्या बरोबर नसतात. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या आणि सव्वादोन मिलीवर नेलपॉलिशची खूण करा. लेव्हेटिरासिटामच्या पातळ औषधात १ मिलीत १०० मिग्रॅ असतं. औषध बदललं तर जुनी खूण पुसून नवी करायची.

लेव्हेटिरासिटाम मोठ्या माणसाला २५० किंवा ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, मग दोन-दोन आठवड्यांनी वाढ. पोटाला आणि कातडीला ही गोळी सोसते, पण काही जण चिडचिडे होतात, मुलं आदळआपट करतात, कोणी उदास होऊन गप्प बसतं. हा स्वभाव बदलला असं समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा निघाली तर त्याच दिवशी घेऊन जा. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर ते आधी कुलपात ठेवा.

फेनोबार्बिटोन बहुधा रात्री ६० मिग्रॅने सुरू होतं. हे शरीरातून फार सावकाश निघतं, म्हणून एक पायरी बदलल्यावर तिचा खरा परिणाम कळायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत निकाल लावू नका. पहिल्या आठवड्याची झोप नंतर बरीच उतरते.

वेळ, चुकलेली गोळी, जागरण

'सकाळी आठ, रात्री आठ' हे वावरात जाणाऱ्या घरात टिकत नाही. गोळी रोज न चुकणाऱ्या कामाला बांधा: सकाळची न्याहारीआधीच्या चहासोबत, रात्रीची ढोरं बांधून जेवायला बसताना. दोन वेळांत साधारण बारा तास पडले म्हणजे झालं. वेचणीला दिवसभर बाहेर असाल तर एक दिवसाच्या गोळ्या पट्टीसकट कापून सोबत ठेवा, सुट्या पदराच्या गाठीत नको. सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी दमट हवेत पाणी ओढून चिकट होते, ती तोंडात टाकतानाच पट्टीतून काढायची.

सकाळची गोळी दुपारपर्यंत आठवली तर लगेच घ्या. संध्याकाळची वेळ जवळ आली असेल तर ती सोडा आणि संध्याकाळची नेहमीप्रमाणे घ्या. दोन एकदम कधीच नाही. उपवास असला तरी गोळी पाण्यासोबत घ्यायची. पोटात आग पडत असेल तर उपवासाचं काहीतरी खाऊन घ्या.

झोप मोडली तर चढवलेला डोसही तोकडा पडतो. रानडुकरांपासून पीक वाचवायला मचाणीवरची जागल, रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याचं ओलीत, लग्नसराईतली जागरणं, ही इथली खरी कारणं आहेत. डोस स्थिर होईपर्यंत तरी ही कामं घरातल्या दुसऱ्या कोणी घ्यावीत. याच काळात विहिरीच्या काठावर एकट्याने जाणं, नदीत पोहणं, मोटरसायकल, कडबा कापायचं यंत्र आणि एकटीने चुलीसमोर बसणं टाळा. मोहाची दारू रात्री घेतली तर झटका बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, ती उतरताना येतो.

उन्हाळ्यात टिनाच्या छपराखालचं कपाट भट्टी होतं. गोळ्या आतल्या खोलीच्या भिंतीशी, खालच्या फळीवर, डब्यात ठेवा. माठाजवळ ओल असते, तिथे नको.

काय सोसायचं आणि कधी धावायचं

पहिल्या आठवड्यातली झोप, हलकी चक्कर, थोडी मळमळ बहुधा पायरी स्थिर झाली की कमी होते. जास्तच होत असेल तर डॉक्टर पुढची पायरी लांबवतात किंवा मोठा भाग रात्रीच्या डोसात टाकतात. हे फोनवरही ठरू शकतं.

पुरळाच्या बाबतीत थांबायचं नाही. लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपीन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन यांपैकी काहीही सुरू होऊन दोन महिने झाले नसतील आणि अंगावर लाल चट्टे उठले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटक्यांसाठी दुसरं औषध लगेच लागतं, म्हणून गोळी बंद करून घरी बसायचं नाही. ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखणं किंवा सोलणं, यातलं काही असेल तर प्राथमिक केंद्रात वेळ न घालवता सरळ मोठं रुग्णालय: सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल, जे जवळ पडेल ते. एप्रिल-मेमध्ये घामोळं येतं, फवारणीनंतर हातांची आग होते, आणि घरात वाटतं तेच असेल. घामोळं घाम साचतो तिथे बारीक दाण्यांनी येतं, ताप आणत नाही, तोंडात फोड आणत नाही. तरीही पहिल्या दोन महिन्यांत हा निवाडा घरी करू नका.

सारखी उलटी, डोळे पिवळे, पोटात जोराचं दुखणं, विशेषतः व्हॅल्प्रोएटवर, हेही त्याच दिवसाचं काम आहे. कार्बामाझेपीनवरचा म्हातारा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या.

दुखण्यासाठी गावात इंजेक्शन-गोळी घेताना मिरगीचं औषध चालू आहे हे आधी सांगा. ट्रॅमाडॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं झटका आणू शकतात, एरिथ्रोमायसिन कार्बामाझेपीन रक्तात वाढवतं.

चढणीतच झटका आला तर

डोस अर्ध्या वाटेवर असताना झटका येणं अपेक्षित असतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्यापाशी कपडा सैल करा. तोंडात चमचा, पाणी, नाकाला कांदा किंवा चप्पल, काहीही नको. घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेला, किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला असेल तर त्यांनी लिहिलेल्या मापात तेव्हाच द्या. दुसऱ्या कोणाचा हात मोकळा असेल तर मोबाइलवर चित्रण करा, पुढची पायरी ठरवताना डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं. वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या दोन दिवसांत गोळी चुकली का, झोप किती झाली, एवढं लिहा. त्या दिवशी जास्तीची गोळी द्यायची नाही.

मुली आणि बायांसाठी

व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाच्या मणक्याला आणि बुद्धीला इजा करू शकतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते लिहिलं असेल तर दुसरा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. दिवस गेल्याचं कळल्यावर मात्र कोणतीही गोळी घरच्या घरी बंद करू नका, मोठा झटका आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा असतो. बाळाचा विचार असेल तर फॉलिक ॲसिड आधीपासून लागतं, किती ते विचारून घ्या. गरोदरपणात लॅमोट्रिजिन रक्तात बरंच उतरतं, म्हणून डोस मध्ये वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर परत उतरवावा लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तेव्हा वही, चिठ्ठ्या आणि महिनाभराच्या गोळ्या माहेरी सोबत गेल्या पाहिजेत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिन खूप कमी करतात. उलट कार्बामाझेपीन आणि फेनिटोइन त्या गर्भनिरोधक गोळ्याच निकामी करतात.

गोळ्या संपण्याआधी

दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघा. मेळघाटात, गडचिरोलीत पावसाळ्यात नाल्याला पूर आला की चार-चार दिवस रस्ता बंद राहतो. तिकडच्या घरांनी जून ते सप्टेंबर महिनाभराचा साठा जास्तीचा ठेवावा. होईल तोवर एकाच कंपनीची गोळी घ्या. केंद्रातून वेगळी आली तर मिग्रॅ जुळवून बघा आणि वहीत तारीख टाका.

झटके थांबले की गोळी थांबवायची घाई होते. साधारण दोन वर्षं एकही झटका नसेल तर डॉक्टर बंद करण्याचा विचार करतात, तोही प्रत्येकाच्या बाबतीत नाही. आणि उतरणही पायऱ्यांचीच असते: काही महिने, दर वेळी थोडं कमी, फेनोबार्बिटोनला तर त्याहून सावकाश. त्या उतरणीसाठी वहीचं नवं पान काढा, वर वजन लिहा, आणि पहिल्या तारखेला गोल करा.